तरुण कॅप्टन कोण होणार

आमच्या घरी केबल आली तेव्हा मी नववीत होते. रविवारी सकाळी अकरा वाजता एका चॅनेलवर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. अंतराळात भरकटलेलं मालवाहू यान आणि त्याची कॅप्टन एक पन्नाशीची बाई. केस पिकलेले, आवाज घोगरा. कुणाला दटावायचं असलं की ती आधी हातमोजे काढून टेबलावर ठेवायची. तो घोगरा आवाज हिंदीत बोलणाऱ्या दुसऱ्याच कुणा बाईचा आहे, हे आम्हाला बरेच महिने कळलं नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी वर्गातली मैत्रीण. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिडकोच्या वसाहतीत राहायची, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. तिचे वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्याकडे केबल नव्हती, म्हणून ती दर रविवारी सायकल मारत आमच्याकडे गंगापूर रोडला यायची. मालिका संपली की गच्चीवर आमचं यान सुटायचं. मी कॅप्टन, ती मेकॅनिक. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला आठवत नाही. टीव्ही आमचा, गच्ची आमची, त्यात ते आपोआप ठरून गेलं असावं.

मालिका बंद झाली तरी ती रविवारी यायचीच. आम्ही कॉलेजात गेलो, बी.एस्सी.लाही एकाच वर्गात आलो. दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या वडिलांनी डबा गुंडाळून आणलेल्या इंग्रजी पेपरात तिला एक छोटी बातमी दिसली. त्या मालिकेच्या आधीची गोष्ट आता येणार होती. कॅप्टन विशीची असताना केलेली तिची पहिली सफर. अशा मालिकेला प्रीक्वेल म्हणतात, हेही आम्हाला त्याच बातमीतून कळलं. तो तेलकट कागद घेऊन ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात धावतच आली होती.

मूळ नटी तर म्हातारी झाली होती. मग तरुण कॅप्टन कोण होणार? पुढचे चार-पाच महिने आम्हाला दुसरा विषय नव्हता. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत आम्ही एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसायचो. इंटरनेटवर जगभरातले लोक याच गोष्टीवर हमरीतुमरीवर आलेले असायचे. डॉक्टर कोण, मेकॅनिक कोण, मुळात दुसऱ्या कुणी त्या भूमिका कराव्यातच का. आम्ही एक शंभर पानी वही केली. एकेका पात्राला काही पानं दिली आणि मासिकांतून, पुरवण्यांतून, साबणाच्या जाहिरातींतून चेहरे कापून चिकटवले.

माझी कॅप्टन ठरली होती: गोरीपान, टोकदार हनुवटीची एक परदेशी नटी. मैत्रिणीने मात्र खेळाच्या पानावरची एक धावपटू कापून आणली. काळी, रुंद जबड्याची, शर्यत संपल्यावर कमरेवर हात ठेवून उभी. ती म्हणाली, कॅप्टन खाणकामगारांच्या वस्तीत जन्मली, असं तिसऱ्या भागात सांगितलंय. लहानपणापासून ओझी उचललेली मुलगी अशी नाजूक कशी असेल? तिने हे सगळं इंग्रजीत लिहून त्या चर्चेत टाकायचं ठरवलं. दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसली होती. कुणीतरी उत्तर दिलं, मुद्दा चांगला आहे. कुणी टिंगलही केली. तिने ते चांगलं उत्तर छापून घेतलं आणि घडी करून कंपासपेटीत ठेवलं.

त्या हिवाळ्यात गॅदरिंग होतं. आमच्या वर्गाने वीस मिनिटांचं नाटुकलं करायचं ठरवलं आणि ते मी लिहिलं. कॅप्टनची पहिली सफर, आमच्या मनातली. त्यातलं शेवटचं मोठं भाषण तिने आणि मी मिळून लिहिलं होतं, खरं म्हणजे जास्त तिनेच. प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत आम्ही सहा-सात जणी भूमिका वाटायला बसलो. डॉक्टर ठरली, खलाशी ठरले. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कॅप्टन मी करते."

मला हसू आलं. वाईट हेतूने नव्हे, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. मी म्हणाले, "अगं, लोकांना पटायला तर हवं. तू कॅप्टनसारखी दिसत नाहीस."

एक मुलगी फिसकन हसली. बाकीच्या वह्यांकडे बघत राहिल्या.

"मग कशी दिसते?" तिने मलाच विचारलं.

मी म्हणाले, "तू मेकॅनिक कर ना. नेहमी तूच करतेस. मस्त करतेस."

तिने मान हलवली. तालमींना ती एकदाही उशिरा आली नाही. प्रयोगाच्या दिवशी मेकॅनिकच्या गालाला ऑइल लागलेलं दिसावं म्हणून कुणीतरी काजळ आणलं. तेवढ्यात दुसरी म्हणाली, हिच्यावर दिसणार कुठे. सगळ्या हसल्या आणि मीही हसले. ती डोळे मिटून चेहरा पुढे धरून बसली होती. ते काजळ तिने लावून घेतलं. मी कॅप्टन झाले आणि भाषणाच्या मध्येच अडखळले. ती पाठमोरी, खोटा पाना फिरवत बसली होती. तिने न वळता पुढचं वाक्य हळूच सांगितलं. टाळ्या मला मिळाल्या.

नंतर ती मैदानातल्या नळावर तोंड धूत होती. मी गेले तर तिने पिशवीतून ती शंभर पानी वही काढून माझ्या हातात दिली. ठेव तुझ्याकडे, म्हणाली. घरी जाऊन बघितलं तर धावपटूचं पान तिने फाडलं नव्हतं, काही लिहिलंही नव्हतं. वही जशीच्या तशी होती.

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षाला ती माझ्यापासून वेगळ्या बाकावर बसू लागली. मी मनाशी म्हणाले, अभ्यास असेल. आई एकदा विचारत होती की ती हल्ली येत नाही का, तर मी तिलाही तेच सांगितलं. मला कारण माहीत होतं. परीक्षा झाली आणि आम्ही पांगलो.

त्यानंतर दीडेक वर्षाने ती प्रीक्वेल आमच्या केबलवर लागली. कॅप्टन कुणी तिसरीच झाली होती, आमच्या वहीत नसलेली. मालिका बरी होती. दुसरा भाग चालू असताना माझ्या लक्षात आलं की मी दर दोन मिनिटांनी काहीतरी बोलायला बाजूला वळतेय. मी टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सिडकोत गेले.

गल्लीत मला घर सापडेना. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे दोनदाच गेले होते. शेवटी तिच्या आईनेच मला ओळखलं. "बस, बाई. येतीय ती. तीनची पाळी हाय तिची," त्या म्हणाल्या. अंबडला एका कारखान्यात ती सुटे भाग तपासण्याचं काम करत होती. ती डबा भरून आतून बाहेर आली, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र.

"बसा ना," ती मला म्हणाली. "चहा घेणार?"

ती मला अहो-जाहो करत होती. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं गं."

तिने डब्याचं झाकण लावलं. रागावलेली दिसत नव्हती. "तुम्हाला जे दिसत होतं ते तुम्ही बोललात," ती म्हणाली. "त्याचं मी मनाला लावून घेतलं नव्हतं फार. पण पुढचं अख्खं वर्ष आपण एका वर्गात होतो. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

तिच्या आईने चहा आणून ठेवला. मी तो प्यायले, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं. मालिकेबद्दल विचारलं तर ती म्हणाली, वेळ नसतो हो. ते मात्र ती हसून म्हणाली आणि ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची. मी तिच्याबरोबर तिथपर्यंत चालत गेले. बसमध्ये तिच्यासाठी जागा धरलेली होती. आतल्या बायकांनी तिला हाक मारली, ती चढली आणि त्यांच्याशी काहीतरी बोलत खाली बसली.

मी पुन्हा दोनदा गेले. एकदा ती पाळीला गेलेली होती. मी चिठ्ठी लिहून तिच्या आईकडे दिली, माझा फोन नंबर खाली दोनदा लिहिला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दारात वेगळ्या चपला होत्या. नवे भाडेकरू म्हणाले, आधीचे लोक सटाण्याकडे गेले वाटतं, नक्की ठाऊक नाही. मी त्यांना माझं नाव सांगितलं, कुणी आलंच तर सांगा म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.