पिवळी खिडकी, निळी खिडकी

वहिनी रुग्णालयाच्या संगणक खोलीत नोकरीला लागल्या, तेव्हा त्यांचा धाकटा दीर तिथल्याच भांडारात होता. तो वहिनी म्हणायचा, म्हणून शिपाई म्हणू लागले, मग डॉक्टर, आणि आता वयाने मोठे असलेले संचालकही वहिनीच म्हणत. दीर नोकरी सोडून गेला त्याला वीस वर्षं झाली होती. नातं मात्र सगळ्या रुग्णालयाला चिकटलं.

वहिनी कधी ओरडत नसत. कुणी चुकीचं बोललं की चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "पुन्हा सांगा." दुसऱ्यांदा सांगताना भल्याभल्यांची बोबडी वळे. आपल्या खोलीत चुका होत नाहीत याचा त्यांना फार अभिमान होता.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना रुग्णालयाने डेटाबेस बदलायला काढला. सगळी माहिती नव्यात जाईपर्यंत जुनाही चालू ठेवायचा होता, आणि दोघांशी बोलायला दोन वेगळे क्लायंट प्रोग्रॅम लागत. एका मशीनवर ते सुखाने नांदेनात. एकाच्या फायली दुसरा हक्काने उचलायचा. वहिनींनी दोघांना वेगवेगळे फोल्डर दिले, पडद्यावर जुन्याची खिडकी पिवळी केली, नव्याची निळी, आणि नियम घातला: एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. नवा क्लायंट जुन्या डेटाबेसमध्येही शिरायचा, पण तिथली जुन्या पद्धतीने साठवलेली अक्षरं त्याला वाचता येत नसत. तसं तो कबूलही करत नसे.

शेवटी दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी राहिली. चारशे बारा माणसं, एका फोनवर हातातलं काम टाकून येणारी. सोमवारी वहिनींनी ती नव्यात नेली, संख्या जुळवली, कागदावर सही केली. जुना डेटाबेस ज्यावर होता तो सर्व्हर शुक्रवारी पुसायचा ठरला.

बुधवारी त्यांनी सहज नवी यादी उघडली. चारशे बारा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत नावाच्या आणि पत्त्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

कारण त्यांना लगेच कळलं. सोमवारी नवा डेटाबेस बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरला त्याची एक चूक दाखवायला त्यांनी पिवळी खिडकी चालू असतानाच निळी उघडली होती. त्याला फैलावर घेता घेता जुन्यातून यादी काढायची आज्ञा पिवळीऐवजी निळीत दिली गेली.

कुणाला रक्त लागेपर्यंत ही गोष्ट कळणार नव्हती, आणि तोवर त्या घरी बसलेल्या असणार होत्या. हा विचार आपल्या मनात आला याच्या लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी इंजिनियरला बोलावून घेतलं. हा पन्नाशीचा गृहस्थ त्यांच्या दारात आला की आधी शर्ट नीट खोचून घेई.

"सर्व्हर पुसू नका," वहिनी म्हणाल्या. "यादी मी बिघडवलीय. चूक माझी आहे. आज पिवळ्या खिडकीतून पुन्हा काढते."

"हो," इंजिनियर म्हणाला. "मी मंगळवारीच बघितली."

"काय बघितलंत?"

"प्रश्नचिन्हं."

वहिनींचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. इंजिनियर अर्धं पाऊल मागे सरकला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची सही होती, वहिनी. म्हटलं, तसंच असायचं असेल. आणि पुन्हा सांगायला लागलं असतं."

एकतीस वर्षं या खोलीत चुका झाल्या नव्हत्या, म्हणजे नक्की काय झालं होतं, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. त्यांनी हात खाली घेतला. समोरची खुर्ची ओढून दिली.

"बसा. आणखी काय काय दिसलंय तुम्हाला?"

इंजिनियरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला, दोन्ही बाजूंनी भरलेला.