साडभावाची टोपली आणि माझे सात नग

माझ्या साडभावाच्या कोंबड्या चार रंगांची अंडी देतात आणि त्याचा मला अजिबात हेवा वाटत नाही. नुसतं रात्रंदिवस मनात येत राहतं, एवढंच.

देवाजी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, नाकाडोंगरीला राहतो. आम्ही आंधळगावचे. धान दोघांच्याही घरी पिकतं, पण सासूबाईंना पिकलेलं फक्त त्याच्याच घरचं दिसतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या महिनाभर त्याच्याकडे राहिल्या आणि परतताना आमच्या घरी उतरल्या, ते टोपलीतल्या अंड्यांचं वर्णन करतच. एक पांढरं, एक दुधी, एक विटकरी आणि एक चक्क निळसर! शालूने, म्हणजे माझ्या बायकोने, हात जोडून ऐकलं. माझ्या पुढ्यातला चहा थंड झाला.

"दिवाळीनंतर या मामीजी," मी सासूबाईंना म्हणून बसलो. "सात रंगाचे अंडे दाखवतो."

(चारवर पाच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जळणारा माणूस हिशेबात राहत नाही.)

आता जाती निवडायच्या होत्या. लाज गुंडाळून मी देवाजीलाच फोन केला. त्याने बिचाऱ्याने हातचं काही न राखता सांगितलं, "रंग पिसायवर नसते ना भाऊ. कानाची पाळी पाहा. पांढरी असन तं बहुतेक पांढरा अंडा, लाल असन तं भुरा. कडकनाथ काळी भोर, पन अंडा फिकाच देते. निळ्यावाली जात वेगळी राहते, ते मी मागवून देतो."

कोंबडीच्या कानात डोकावून अंड्याचा रंग ओळखायचा! माझी खात्री पटली, की हा मला तुमसरच्या भर बाजारात कोंबड्यांचे कान तपासायला लावून नाकाडोंगरीत बसून हसणार. म्हणून मी त्याने सांगितलं त्याच्या नेमकं उलट करायचं ठरवलं.

बाजारात पाटीभर वाढती पिल्लं होती. मातकट, मळकट सगळी बाजूला सारली आणि भडक तेवढी उचलली. एकाच्या मानेवर सोनेरी झाक, एकाच्या शेपटीत हिरवा मोरपंखी रंग, एक लालभडक, एक कबरं, एक कडकनाथ, असे सात नग. पाटीवाल्याने दोनदा विचारलं, "हेच पाह्यजेत? सातही हेच?" मला वाटलं, हाही देवाजीच्या ओळखीचा. (धानाचं रोप मी डोळे झाकून ओळखतो. कोंबड्या मात्र आमच्या घरी बायकांचा प्रांत.)

शालूलाही चकित करायचं म्हणून मी ते सात नग शेतातल्या झोपडीत ठेवले आणि तिला तिकडे फिरकू दिलं नाही. तांदळाची कणी, वाळवी, काय काय खाऊ घातलं! पावसाळा सरता सरता लालभडकाने बांग दिली. मला आनंदच झाला, कळपात एक कोंबडा हवाच. दोन दिवसांनी सोनेरी आरवला. ठीक आहे, एकाला काही झालं तर दुसरा असावा. मग कबरा, मग मोरपंखी. दिवाळी उलटल्यावर कडकनाथ आरवला, त्या दिवशी मी शालूला शेतात घेऊन गेलो. तिने दारातूनच एक नजर टाकली.

"सातही कोंबडे होत," ती म्हणाली. "आई परवा येऊन राहिली."

मग काय, दुकानातून पांढरी अंडी आणली आणि स्वयंपाकघरात कारखाना उघडला. दोन निळीत बुडवली, एक फिकट, एक गडद. एक हळदीत, एक बीटात, एक मेंदीत, एक चहापत्तीत, एक तसंच. शालू कपाळाला हात लावून बघत राहिली.

देवाजी सासूबाईंना मोटरसायकलवर घेऊन आला. टोपली पाहून सासूबाई हरखल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं! देवाजीने निळं अंडं उचललं, हळूच ठेवलं आणि आपली निळी झालेली बोटं गुपचूप पाठीमागे पुसली.

"कोंबड्या दाखवा ना, लहाने जवाई," सासूबाई म्हणाल्या.

मी आढेवेढे घेत होतो, तेवढ्यात मागल्या अंगणात हलवलेल्या लालभडकाने कुंपणावर चढून बांग दिली. पाठोपाठ सहाही जणांनी दिली. ऑपरेशन डोळ्यांचं झालं होतं, कान शाबूत होते.

"हे तं कोंबडे होत," त्या म्हणाल्या.

"नाही मामीजी," देवाजी शांतपणे म्हणाला, "बाहेरची जात हाये. यातल्या कोंबड्या दिसतेतबी कोंबड्यासारख्या आन् आरवतेतबी."

माझी अब्रू वाचली. डोळ्यांत पाणी आलं, त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तेवढ्यात सासूबाई शालूकडे वळल्या.

"पाहा, मोठ्या जवायाले किती माहिती हाये! पाळल्या यायनं, पन बोलता नाही आलं." मग देवाजीला म्हणाल्या, "तुमीच घेऊन जा ह्या साती. तुमच्या हातानं बरोबर अंडे देतीन."

तो नको नको म्हणत होता. मी खरं बोललो असतो तर कोंबडे राहिले असते. सातही मोटरसायकलला उलटे टांगून तो निघाला, आणि मी दारात उभा राहून पुन्हा जळू लागलो: आता आठवडाभर त्याच्या घरी रोज झणझणीत रस्सा होणार, आणि आमच्या घरी मेंदीच्या वासाची अंडाकरी!