छबूबाईच्या बाहीची लेस

सेलूच्या गल्ल्यांतून डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन फिरणारी छबूबाई लांबूनच ओळखू येते ती तिच्या झालरींमुळं. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. घेतलेले कपडे धुऊन, बटणं लावून ती बाजारात विकते. पण त्यात कुठं लेस दिसली, झालर दिसली की बाईचा हात थबकतो. ते कापड बाजारात जात नाही. ते छबूबाईच्या अंगावर जातं.

हौस असावी, पण किती? कुणाच्या तरी लेकीच्या वाढदिवसाच्या फ्रॉकची झालर हिच्या पोलक्याच्या गळ्याला. उशीच्या अभ्र्याची फ्रिल हिच्या परकराच्या घेराला, आणि साडी अशी दोन बोटं वर खोचलेली की चालताना ती फ्रिल दिसलीच पाहिजे. जाळीच्या पडद्याची पट्टी अंबाड्याभोवती. किराणावाला मुद्दाम विचारायचा, "छबूबाई, आज कुणाचा पडदा?" आणि ही मान वेळावून सांगायची, "डाक्टरीनबाईच्या हालमधला हाय. तुमच्या घरी हाय का असा?"

पण खोटं कशाला बोला, ढंग होता तिला. पांढरीफटक लेस ती चहाच्या पाण्यात बुडवून काढायची, म्हणजे सावळ्या दंडावर उठून न दिसता शोभून दिसायची. दुकानातल्या नव्या लेसला ती हातसुद्धा लावायची नाही. "नवी टोचती माय," म्हणायची. "जुनी कशी, धुऊन धुऊन मऊ पडती. अंगाला धरून ऱ्हाती."

हे सगळं न आवडणारं एकच माणूस होतं, तिची स्वतःची लेक पंकजा. लेकीचं लग्न ठरलं, येत्या रविवारी साखरपुडा. येलदरीहून पाव्हणे यायचे होते. पंकजानं आईला बजावलं, "त्या दिवशी तरी झालरी लावू नको. लोक माझ्या सासूपुढं हसतील." छबूबाई हो म्हणाली. लेकीपुढं दुसरं काय म्हणणार? पण मन मोडलं बिचारीचं. आयुष्यात एकदाच विहीण व्हायचं, आणि त्या दिवशी उघड्या बाह्यांनी बसायचं.

अशात तिला ती लेस मिळाली. लिंगायत गल्लीत मल्लम्मांचं घर आहे. मल्लम्मा पंच्याऐंशीच्या पुढच्या. वीस वर्षं छबूबाई त्या घराच्या पायरीवर गाठोडं सोडून बसायची, भाव करायची, पाणी प्यायची. त्या दिवशी मल्लम्मा मठात गेल्या होत्या आणि त्यांची सून महेश्वरी माळा आवरत होती. तिनं जुन्या धोतरांबरोबर एक पिवळा पडलेला परकर टाकला आणि झाकणाचं पातेलं घेतलं. परकर जागोजागी विरला होता, पण खाली क्रोशाची विणलेली चार बोटं रुंद लेस होती, अगदी सायीच्या रंगाची. एक टाका तुटलेला नाही.

छबूबाईनं ती लेस सोडवली, कापून दोन पट्ट्या केल्या, बारीक चुण्या घालून निळ्या पोलक्याच्या बाह्यांना लावल्या आणि घालून लेकीसमोर उभी राहिली. पंकजा बघतच राहिली. "आई, हे घाल रविवारी," ती म्हणाली. "ह्यात तू लय चांगली दिसायलीस." लेकीच्या तोंडून असं काही छबूबाईनं पहिल्यांदाच ऐकलं. ते पोलकं तिनं घडी घालून डब्यात ठेवलं.

सोमवारी ती त्याच गल्लीत गेली, तर महेश्वरी दारातच उभी. आवाज खाली घेऊन म्हणाली, "छबू, तो परकर हाय का गं तुझ्याकडं? माझ्या लेकीला मुलगी झाली, परवा बारसं हाय. सासूबाई दोन दिवसांपासून परकर शोधायल्यात. मी दिलाय हे अजून सांगितलं न्हाई."

परकर कशासाठी हवा ते छबूबाईला लगेच कळलं. तान्ह्या बाळाची पहिली कुंची, डोक्यावरून पाठीवर सोडायची ती, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरच्या कापडाची शिवतात. त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. मल्लम्मांनी नवरी होऊन येताना स्वतः विणलेली ती लेस त्यांना पणतीच्या कुंचीला लावायची होती.

छबूबाईच्या तोंडून पटकन निघून गेलं, "ते तर बाजारात गेलं की ताई."

आतून मल्लम्मांचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. सुनेवर चिडतील असं वाटलं, पण म्हातारी एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं. तिला काय ठावं? छबूला चहा दे." चहा आला. छबूबाईनं तो उभ्यानंच संपवला आणि गाठोडं उचललं.

घरी येऊन तिनं लेकीला सगळं सांगितलं. पंकजा म्हणाली, "आपण काय चोरलंय का? पातेलं देऊन घेतलंय." बोलणं खरं होतं. धंद्याचा नियमच तो, एकदा भांडं दिलं की कापड आपलं. छबूबाईनं डबा उघडला, पोलकं काढलं, दोन्ही बाह्यांवरून हात फिरवला आणि रडली. मोठ्यानं नाही, पण चांगली रडली. मग डोळे पुसले आणि दाताखाली दोरा धरून एकेक टाका उसवायला बसली.

लेस गेल्यावर त्या पोलक्याचं कौतुक ते काय राहिलं? तेच अंगात घालून ती दुसऱ्या दिवशी मल्लम्मांच्या दारी गेली, पायरीवर उभी राहिली आणि दस्तीच्या फडक्यात गुंडाळलेली लेस पुढं केली. "माय, काल मी खोटं बोलले. बाजारात न्हाई गेली. माझ्या पोलक्याला लावली हुती."

महेश्वरी काही बोलायच्या आत मल्लम्मांनी हात पुढं केला. दोन्ही पट्ट्या मांडीवर पसरल्या, बोटांनी चाचपल्या. मग विचारलं, "अंगात घातली हुतीस का?"

छबूबाईनं मान खाली घातली. बाळाच्या डोक्यावर जाणारं कापड, आणि आपण गल्लोगल्ली फिरणारं माणूस. "एकदाच. लेकीला दाखवायला."

"मग काय झालं," मल्लम्मा म्हणाल्या. "माणसाच्या अंगावरचंच तर पायजे." आणि त्यांना हसू आलं. "पर येडे, एवढी सगळी कामून उसवलीस? बाळाचं डोकं केवढं असतंय? मला इतभर पायजे."

त्यांनी सुनेकडून कात्री मागितली. एका पट्टीतली वीतभर लेस कापून घेतली, आणि उरलेली परत देण्यासाठी हात वर केला, तेव्हा त्यांना छबूबाईच्या बाह्या दिसल्या. कडेनं सुईची भोकं तशीच होती, एक दोरा लोंबत होता.

"कव्हा घालायचं हुतं हे?"

"रविवारी. पंकजाचा साखरपुडा हाय."

"वर ये."

छबूबाईला कळेना. वीस वर्षांत ती त्या पायरीच्या वर कधी गेली नव्हती. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी ये म्हटलं नव्हतं. "ये म्हणले ना," मल्लम्मा जरा खेकसल्या, तशी ती चप्पल काढून आत गेली आणि सतरंजीच्या कडेला टेकली. म्हातारीनं तिला दंडाला धरून जवळ ओढलं. महेश्वरीनं सुईत दोरा ओवून दिला. मल्लम्मांनी आपल्या वितीनं छबूबाईचा दंड मोजला, लेस धरून पाहिली, पुन्हा मोजला, आणि अंगातल्या पोलक्यालाच टाके घालायला सुरुवात केली.

टाका कधी लांब पडायचा, कधी तिरपा. दोनदा सुई टोचली, पण छबूबाई हलली नाही. उजव्या बाहीला भरपूर चुण्या आल्या. डाव्या बाहीची पट्टी कुंचीपायी तोकडी झाली होती, म्हणून तिथं लेस जवळजवळ सपाटच बसली. दुपार निम्मी त्यात गेली. शेजारी दुपट्यावर बाळ झोपलं होतं. मध्येच मल्लम्मा म्हणाल्या, "दंड केवढा झालाय गं तुझा," आणि महेश्वरीसुद्धा हसली.

रविवारी सकाळी छबूबाई ते पोलकं घालून तयार झाली, तेव्हा पंकजा सुई घेऊनच आली. "आई, एक बाही फुगलीय अन् एक चपटी. टाके बी वाकडे हायेत. पाव्हणे यायला तास हाय, हात वर कर, मी नीट करून देते."

छबूबाईनं हात वर केला नाही. उलट दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "आजपातूर दुसऱ्याचं काढलेलं घातलं. हे माझं माप घेऊन शिवलंय."

पंकजानं सुई पदराला खोचून ठेवली. मग आईचे दोन्ही हात तिनंच सोडवले, डावी चपटी बाही जरा दिसेल असा पदर लावून दिला, आणि पाव्हण्यांसाठी सतरंजी टाकायला गेली.