जकरियाच्या बायकोचं नाव

वीर स्टेशनावर रऊफच्या रिक्षात बसलेला माणूस महाडला उतरेपर्यंत आपल्या नावाची सात पिढ्यांची कुंडली ऐकूनच उतरायचा. मस्कतच्या गॅरेजात मिसरी, सुरियानी ख्रिस्ती, मल्याळी अशांच्यात रऊफची उमर गेलेली. एकच संत दर भाषेत टोपी बदलून कसा हिंडतो, याचं त्याला वेड. "याह्या म्हणा, योहान म्हणा, जॉन म्हणा, माणूस तोच. व्हिसा तेवढा वेगळा." मागे बसलेली रोजची गिऱ्हाईक कमळाबाई म्हणायची, "पुढं बघून चालव रे. नायतर माझ्या नावाअगोदर कैलासवासी लागंल."

पण त्याच्याच घरात नावावरून अबोला. सून तूबाने लेकीसाठी मोबाइलवर नाव शोधलं, अलीशबा. अर्थ म्हणे 'सुंदर'. सासू सलीमा फुरंगटली. नाव बुजुर्गांचं हवं, हे कसलं मोबाइलचं! उद्या अकीका, नाव चारचौघांत पक्कं होणार, आणि आजीने नातीला अजून नावाने हाक मारलेली नाही. नुसतं 'ती'. तूबा आतल्या खोलीत डोळे पुसते, ही बातमी मोहल्लाभर. अशा बातमीला महाडात पूरसुद्धा अडवत नाही.

दुपारी रऊफ बायकोजवळ जाऊन बसला. ती कांदे चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा भरवसा नव्हता.

"आपला मुजम्मिल होईना, तेव्हा कुठली दुवा पढायचीस गो?"

"जकरिया पैगंबरांची. म्हातारपणी त्यांना याह्या झाला. पोर नसलेल्या सगळ्या बायका तीच पढतात."

"आणि जकरियाची बायको? तिचं नाव काय?"

सलीमाची सुरी थांबली. "किताबात नाय."

"जुन्या लोकांच्या तोंडी हाय. इब्रानीत, म्हणजे हिब्रूत, एलिशेबा. इंग्रजांनी एलिझाबेथ केली. गॅरेजातला योहन्नान तिचा सण पाळायचा. आपल्याकडे आली ती अलीशबा होऊन."

नवरा थापा किती मारतो, ते सलीमाइतकं कोणाला ठाऊक? "सुनेची बाजू घेताय."

"घेतोय. पण नाव खरं हाय. अर्थच 'अल्लाहची शपथ'. आता वर आणखी कुठली घेऊ?"

तिने सुरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "पोर होईना म्हणून तिलापण लोक बोलले असतील?"

"तुला बोलले तेवढंच."

सलीमाने साबण लावून दोनदा हात धुतले. आत गेली, तूबाच्या मांडीवरून पोर उचलली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अलीशबा." एकदा, मग पुन्हा एकदा, जीभ बसवून बघावी तसं.

तूबा बघतच राहिली.

"बघतेस काय गो," सलीमा म्हणाली, "तू जेवलीस का?"