सात नंबर आणि सातशे वर्षांची मावशी

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर खोल्या बारा आणि त्या सगळ्यांना मिळून मावशी एक. माणसांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, आणि कुणी गेलं की गादी उलटी करून खिडकी उघडी टाकायची, हे तिचं काम. सव्वीस वर्षं झाली. मॅनेजर पाच बदलले, भिंतींचा रंग तीनदा बदलला, मावशी तीच राहिली.

तिचा एक नियम होता. कुणालाही नावाने हाक मारायची नाही. “तीन नंबर, दात लावा.” “अकरा नंबर, पाय वर घ्या.” नव्या माणसाला आधी राग यायचा. मग आठ दिवसांत तेही स्वतःला नंबरानेच ओळखू लागायचं.

नियम उगाच नव्हता. पहिल्या वर्षी सात नंबरच्या खोलीत एक बाई होत्या. त्यांनी मावशीला लोकरीचं विणकाम शिकवलं. मावशी त्यांना नावाने हाक मारायची, पुढे ताई लावून. एका सकाळी ती त्यांचा चहा आणायला खाली गेली आणि कप घेऊन वर आली, तर ताई गेलेल्या. महिनाभर तिला घास गिळवला नाही. तेव्हा तिने कानाला खडा लावला. प्रत्येकाच्या पांघरुणाच्या कोपऱ्यावर धोब्यासाठी काळ्या शाईने नाव लिहिलेलं असायचं. घडी घालताना मावशी तो कोपराही आत दुमडायची.

तिची भाची त्याच आश्रमात म्हाताऱ्यांना रमवण्याच्या कामाला लागली आणि तिने रविवारी दुपारी एक खेळ सुरू केला.

“पट नाही, पत्ते नाहीत,” ती म्हणाली. “मी गोष्ट सांगणार, तुम्ही त्यातली माणसं व्हायचं. अडलं की फासा टाकायचा.” फासा वीस बाजूंचा होता, बोरासारखा हातात फिरणारा.

तीन नंबर शाळेत शिकवायच्या, त्या जादूगार झाल्या. अकरा नंबरनी जन्मभर जहाजावर स्वयंपाक केला होता, त्यांनी तलवार घेतली. आताच्या सात नंबरनी चाळीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडली होती, ते वाटाड्या झाले. उरली एल्फ, परदेशी गोष्टींतली रानात राहणारी परी. ती कुणालाच नको होती.

“मावशी, तू हो.”

“टोकदार कान असतात ना गं त्यांना? माझे आहेत तेच राहू दे. घंटी ऐकू येते तेवढं पुरे.”

“अगं, सातशे वर्षं जगते ती! झोपत नाही. रात्री चार तास डोळे मिटून नुसती बसते आणि जुन्या आठवणींतून हिंडते.”

“म्हणजे रात्रपाळीच की.”

अकरा नंबर ठसका लागेपर्यंत हसले.

“आणि माणसांशी कशी वागते?” मावशीने विचारलं.

भाचीने खेळाच्या पुस्तकात पाहिलं. “प्रेमाने, पण हातचं राखून. तिचे चार हिवाळे होईतो माणसं म्हातारी होतात ना. म्हणून एल्फ माणसांची नावं लक्षात ठेवत नाहीत. कारण एकदा ठेवलं की विसरता येत नाही. सातशे वर्षं जवळ बाळगावं लागतं.”

स्वतःचा गुडघा चोळणारा मावशीचा हात थांबला. ते फक्त सात नंबरच्या ध्यानात आलं.

मावशी खेळायला लागली आणि खेळाचा रंगच बदलला. बाकीचे घाई करायचे, दार दिसलं की लाथ मारायचे. मावशीची एल्फ थांबायची. एकदा वाटेत पूल लागला. तीन नंबर म्हणाल्या, “पळा!” मावशी म्हणाली, “हा पूल नवा होता तेव्हा मी पाहिलाय. यावरून पलीकडे गेलेलं कुणी परत आलं नाही. पण तुम्ही जा. जायचं असतंच.”

कुणी फासा उचलेना.

“मावशी, हे मी कुठे लिहिलं नव्हतं,” भाची हळूच म्हणाली. “अंगावर काटा आला बघ.”

“मग काय झालं? खरं तेच बोलले.”

एका शनिवारी सकाळी ती सात नंबरची पाठ पुसत होती.

“मावशी, तुमच्या एल्फला विचारा ना,” ते म्हणाले, “वाटाड्याचं नाव राहील का तिच्या लक्षात?”

“तिलाच विचारा उद्या.”

“चाळीस वर्षं मी लोकांची नावं वाचली. भिजलेली, फाटलेली, कोंबडीच्या पायांनी लिहिल्यासारखी. माझं नाव कुणी मोठ्याने घेतल्याला चार वर्षं झाली. डॉक्टरसुद्धा जिन्यातून ओरडतो, सात नंबरची साखर किती? एकदा कुणीतरी हाक मारावी, मी ओ द्यावी, आणि मग खुशाल जावं. एवढंच राहिलंय बघा.”

“पाणी गार होतंय. वळा इकडे.”

ते वळले, आणि तिला त्यांची बोटं दिसली. चादरीवर नसलेला कापूस ती वेचत होती. एकेक धागा, अगदी मन लावून. हे वेचणं मावशीने कितीदा तरी पाहिलं होतं. ते सुरू झालं की तीन दिवस, फार तर चार. ‘देवा, नेणारच असशील तर सोपं ने,’ ती मनात म्हणाली आणि बादली उचलून बाहेर गेली.

रविवारी ते हट्टाने चाकाच्या खुर्चीत बसून आले. गोष्टीत सगळ्यांनी जंगलात मुक्काम केला होता. बाकीचे झोपले, एल्फ जागी.

“मिट डोळे,” भाची म्हणाली. “सांग, काय दिसतंय?”

मावशीने गंमत म्हणून डोळे मिटले.

जंगल दिसलं नाही. तिला तिचाच व्हरांडा दिसला, नुकताच पुसलेला, फिनेलचा वास येणारा. सगळी दारं बंद, सातवं उघडं. एका माणसाच्या त्या खाटेवर आठ जण बसले होते, खांद्याला खांदा लावून. पहिल्या विणकामवाल्या ताई. प्रत्येकाच्या गुडघ्यांवर पांघरूण. ताईंच्या पांघरुणावरचं नाव दिसत होतं. बाकी सातांचे कोपरे आत दुमडलेले होते, अगदी तिच्या हातच्या घडीसारखे. घंटी दाबून खूप वेळ वाट पाहिलेलं माणूस दाराकडे पाहतं, तसे ते तिच्याकडे पाहत होते. मग कडेचा जरासा सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. एकेक करत सगळे सरकले आणि एका माणसापुरती जागा झाली.

“याला तरी,” ताई म्हणाल्या. ओठ हलले नाहीत. “याला तरी नावाने पाठव.”

“मावशी? अगं, काय दिसतंय?” भाची विचारत होती.

मावशीने डोळे उघडले. तिने सात नंबरकडे पाहिलं आणि त्यांचं नाव घेतलं. शाईने लिहिलेलं असतं तसं पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

“ओ,” ते म्हणाले. अंगणात खेळणारं मूल घरातून हाक आली की देतं, तशी ओ. मग डोळे पुसत हसले. “फार उशीर केलात, एल्फबाई.”

“सातशे वर्षांत हा काही उशीर नाही,” मावशी म्हणाली. तिचा आवाज मात्र तिला स्वतःलाच परका वाटला.

ते मंगळवारी सकाळी गेले. त्या वेळी मावशी चहा आणायला गेली नव्हती. तिने गादी उलटी केली, खिडकी उघडली, पांघरुणाची घडी घातली आणि कोपरा बाहेर ठेवला. मग कोठीतलं कपाट उघडून सात नंबरच्या खोलीतली जुनी पांघरुणं काढली आणि एकेक दुमड उलगडत गेली. नाव वाचावं लागलं नाही. कोपरा उलगडायच्या आतच ते तिच्या तोंडात आलेलं असायचं. इतकी वर्षं डोळ्यांनी टाळलं होतं, हातांनी सगळं वाचून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी सात नंबरमध्ये आलेल्या नव्या बाई खेळायला आल्या. लांब बाकाच्या मधोमध एकट्या बसल्या.

“मावशी,” भाची म्हणाली, “तुझी एल्फ यांना सांगेल का, आजवर तिच्या सोबतीला कोण कोण होतं?”

मावशीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. पहिलं नाव ताईंचं. नव्या बाई कपडे सावरून थोड्या डावीकडे सरकल्या. दुसरं नाव. आणखी थोड्या. तिसरं, चौथं. नववं नाव, चाळीस वर्षं पत्रं निवडणाऱ्याचं, घेतलं तेव्हा त्या बाकाच्या अगदी टोकाला आल्या होत्या. एक पाय खाली टेकवून कशाबशा तोल सांभाळत होत्या.

“अहो, पडाल!” तीन नंबर म्हणाल्या. “सगळा बाक मोकळा पडलाय की.”

“मोकळा कुठला?” नव्या बाई संकोचून म्हणाल्या. “केवढी दाटी झालीय.”

अकरा नंबरनी हातातला फासा हळूच खाली ठेवला.

मावशी उठली, बाईंपाशी गेली आणि तिने त्यांचा हात धरला. ताईंनंतर कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

“बाई, तुमचं नाव काय हो?”

बाईंनी आधी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग मावशीकडे. नाव सांगायला त्यांनी जरा वेळच लावला.