शिट्टीआधीचा ब्रेक

इमामपूरचा घाट उतरताना सोनईच्या एसटीत एक गृहस्थ दोन्ही हातांनी हवेत चाक फिरवीत बसे. उतार वाढला की एका दिशेने, सपाटी आली की उलट. "मामा, पॉट फिरवून आइस्क्रीम झालं का? सोनईच्या बाजारात इकायचंय," असे कोणी डिवचले, तर तो शांतपणे म्हणे, "थांबा, उतार सरू द्या."

त्याला सारे ब्रेकमामा म्हणत. सह्याद्रीतल्या एका थंड हवेच्या गावी पर्यटकांना नेणाऱ्या, दोन फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीवर तो ब्रेकवाला होता. बहात्तरच्या दुष्काळात तो निलंबित होऊन सोनईला भावाकडे आला. भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडी आणि मामा आपली नोकरी परत मिळण्याची वाट पाही. मी नगरच्या न्यायालयात कारकून होतो आणि त्याच एसटीने ये-जा करी. अन्याय दिसला की पत्र लिहिणे हा माझा स्वभाव. ते ऐकून एके दिवशी त्याने आरोपपत्र माझ्यापुढे ठेवले. 'शिट्टीची आज्ञा नसताना ब्रेक आवळून चाकांची नासाडी केली.' ब्रेक का आवळला, हे विचारण्याची तसदी त्या कागदात कोणीही घेतली नव्हती. माझा संताप अनावर झाला. परंतु बचाव लिहायचा, तर ब्रेक म्हणजे काय हे आधी मला समजायला हवे होते.

मी त्याची यथासांग उलटतपासणी केली, आणि तीत मीच रमत गेलो. प्रत्येक डब्यापाशी हातचाक धरून एक माणूस बसतो. इंजिनाची शिट्टी झाली की सर्वांनी एकदम आवळायचे, पुढच्या शिट्टीला सैल सोडायचे. वळणावळणांच्या त्या वाटेवर ब्रेकवाल्यांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. "चढताना इंजिन वढतं, भाऊसाहेब. उतरताना आमी गाडी धरून ठिवतो," तो म्हणे. एकट्यानेच आवळला तर? "त्याच्याच डब्याची चाकं घासत जात्यात. चपटी पडत्यात."

"मग तुम्ही एकट्याने का आवळला?"

त्याने माझ्या फायलीचा लाल नाडा सोडला आणि टेबलावर त्याची नागमोड मांडली. गाडी लांबचा वळसा घेऊन सावकाश खाली येते. पायवाट मात्र दोन वळणांच्या मधून सरळ उतरते. एक प्रवासी छायाचित्रासाठी वरच्या वळणावर उतरला, पायवाटेने धावत खालच्या वळणावर आला आणि घसरून मामाच्या डब्याखाली जाणारच होता. मामाने शिट्टीची वाट पाहिली नाही. गुडघ्यांची धूळ झटकून तो प्रवासी गर्दीत मिसळला, आणि चपटी चाके तेवढी मागे उरली.

मी लिहिलेला बचाव आजही मला निर्दोष वाटतो. मनुष्याच्या जिवापुढे नियम दुय्यम, हे मी चार परिच्छेदांत सिद्ध केले होते. मामाने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"झ्याक हाय. पन त्यो मानूस पायवाटेला गेला कसा, ते न्हाई लिवलं."

"ते त्यांनी विचारलेले नाही."

"मीच धाडला हुता. म्हनलं, फोटू काढा, खालच्या वळनावर गाडी घावंल. लई येळा धाडल्यात मी लोकं."

"मामा, हा बचाव नव्हे, ही कबुली आहे. नोकरी जाईल."

"मंग कबुली म्हना. अर्धं सांगून त्या चाकाला हात लावायचा व्हय मी?"

मी बरेच कलम-कायदे ऐकवले. त्याने अंगठ्याची शाई पुसली आणि ते वाक्य घातल्याशिवाय अंगठा उठवणार नाही, असे सांगून तो बाकावर बसून राहिला. शेवटी मी ते वाक्य लिहिले. इतक्या अनिच्छेने मी दुसरे काहीच लिहिलेले नाही. पुढचे दोन महिने एसटीत मामा दिसला की उत्तर आले का, हे मीच आधी विचारी.

एके सकाळी तो पत्र्याची पेटी घेऊन न्यायालयाच्या आवारात उभा राहिला. आदेश आला होता: प्रवाशास मध्येच उतरू दिल्याबद्दल सक्त ताकीद, आणि कामावर रुजू व्हावे. त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी मात्र 'सक्त' या शब्दावर अडलो. प्राण वाचवल्याबद्दल एक अक्षर नाही, उलट ताकीद? मी उभ्याउभ्याच हरकतीचा मसुदा लिहू लागलो. दुसरे पान सुरू झाले, तेव्हा त्याने कागदावर आपला रुंद पंजा ठेवला.

"ताकीद बराबर हाय, भाऊसाहेब. चूक माझीच हुती."

"प्रश्न चुकीचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तुमचं इंजिन लई तगडं," तो हसून म्हणाला, "पन एकाबी डब्यावर मानूस बसवलेला न्हाई तुमी."

त्याला पुण्याची गाडी गाठायची होती. पेटी खांद्यावर घेऊन तो फाटकाबाहेर पडला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. ती हरकत मी पाठवली नाही. का पाठवली नाही, याचे कायद्यात बसेल असे कारण मला अजून सापडलेले नाही.