वहिनींच्या हाताला लागलेला व्हॉल्व्ह

गॅरेजमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. बावीस वर्षं ती सुट्या भागांच्या काउंटरमागे उभी होती. तिचा नवरा, मिस्त्री, आत गाड्या उघडायचा आणि ती बाहेर खोकी उघडायची. नवा भाग तिच्या हातून आत जायचा, जुना बाहेर यायचा. जुना फेकण्याआधी तो उलटापालटा करून पाहायची तिला खोड होती. कुठला पडदा फाटलाय, कुठल्या तोंडात काजळी बसलीय, कुठली स्प्रिंग दमलीय.

"मढी काय बघत बसतेस?" मिस्त्री चिडवायचा.

"मढ्यावरूनच कळतं, बिचारा कशानं गेला ते," ती म्हणायची.

मग एका दुपारी मिस्त्री शिडीवरून पडला आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. प्लास्टर निघालं, पण पकड गेली ती गेलीच. चहाचा कप धरता येई, पाना धरता येत नसे. धाकटा दीर एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तो घरी येऊन म्हणाला, "वहिनी, जागा टायरवाल्याला देऊन टाका. काउंटर सांभाळणं वेगळं आणि इंजिनात हात घालणं वेगळं."

दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीची डांगरी घातली, पायाच्या दोन घड्या वर दुमडल्या आणि त्याला स्टुलावर बसवलं. "अहो, डोकं तुमचं आणि हात माझे. बोला."

तेलपाणी, ब्रेक, पट्टे ही कामं जमू लागली. तीन महिने असे गेले आणि नर्सबाईंची गाडी आली.

नर्सबाई घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासत. त्यांची गाडी रस्त्यावर छान पळे, पण वळणावर वेग कमी केला की मान टाकी. दिराच्याच वर्कशॉपनं प्लग बदलले, कॉइल बदलल्या, पेट्रोलचा पंपही बदलला, फरक शून्य. धूर तपासणीत गाडी दोनदा नापास झाली होती. शुक्रवारी शेवटची संधी होती, त्यानंतर ती रस्त्यावर आणायला बंदी.

वहिनीनं इंजिनाच्या झाकणातला बोटाएवढा व्हॉल्व्ह उपसला. इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारा तो व्हॉल्व्ह. कानाशी हलवला. चांगला असता तर खुळखुळला असता, हा मुका होता. नवा बसवला. इंजिनाची थरथर कमी झाली, नर्सबाई खुशीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी दोराला बांधून परत आली, आणि ओढून आणणारा होता दीर. ती चौकात बंद पडली होती. तिकडे एका बाईच्या कळा सुरू झालेल्या, म्हणून नर्सबाई पिशवी उचलून भाजीच्या टेम्पोतून पुढे गेल्या होत्या.

"वहिनी," दीर दोर सोडत म्हणाला, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

तिचे कान तापले. पण खोटं काय होतं त्यात? आपल्या भरवशावर गाडी बाहेर पडली होती. ती मिस्त्रीशेजारी जमिनीवरच बसली.

"रेस दिली की चालते, स्लोला मरते," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "म्हणजे स्लोला आत नको ते काहीतरी शिरतंय. धूर परत आत सोडणारा तो दुसरा व्हॉल्व्ह आहे ना, तो स्लोला बंदच हवा. उघडा राहिला तर इंजिन आपलाच धूर पिऊन गुदमरणार."

मिस्त्रीनं मान हलवली. "त्यालाच ईजीआर म्हणतात. पण या मॉडेलवर तो कुठं असतो, मला माहीत नाही गं."

गाडीच्या माहितीपुस्तकातल्या चित्रात तो इंजिनाच्या समोरच्या बाजूला होता. समोर काहीच नव्हतं. इंजिन निवेपर्यंत ती थांबली. मग धुराच्या नळीवर बोट ठेवून, आंधळ्यानं भिंत चाचपावी तशी मागे मागे गेली. इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या सांदीत बोटं पोचली, डोळे पोचेनात. तिनं पर्समधला छोटा आरसा आत धरला, बॅटरी मारली. हवेच्या जाड नळीखाली तो दडून बसला होता.

तिनं तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कातरला, बोल्ट ढिले करून व्हॉल्व्हच्या तोंडावर सरकवला आणि आवळला. धुराची वाट बंद. चावी फिरवली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर आला आणि तिथंच ठाण मांडून बसला. एक मिनिट. पाच मिनिटं. मिस्त्री स्टुलावरून उठून उभा राहिला.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला देत होते लेकाचे," तो म्हणाला.

व्हॉल्व्ह काढताना एक बोल्ट अर्ध्यावर येऊन गंजात अडकला. ती जोर लावणार तोच मिस्त्री म्हणाला, "ओढू नकोस. तेल सोड, थांब. आधी किंचित आवळ, मग उलट." बोल्ट कुरकुरला आणि सुटला. व्हॉल्व्हच्या तोंडात काजळीचा नखाएवढा तुकडा अडकला होता, आणि आतली दांडीही झिजून डुगडुगत होती. अशी मढी तिनं काउंटरवर किती पाहिली होती. नुसतं साफ करून भागणार नव्हतं. तिनं वाट ब्रशनं खरवडली, तात्पुरता पत्रा काढला आणि नवा व्हॉल्व्ह नव्या गॅस्केटसह बसवला. मग गाडी स्वतः बाहेर काढली आणि गावातल्या प्रत्येक वळणावर मुद्दाम वेग कमी करून पाहिला. वीस वळणं झाली. एकदाही बंद पडली नाही.

शुक्रवारी धूर तपासणीला चौघं गेली: नर्सबाई, वहिनी, मिस्त्री, आणि गंमत बघायला आलेला दीर. तपासनीसानं नळी लावली, पडद्याकडे पाहिलं, नळी काढून परत लावली. "याच गाडीला मी दोनदा नापास केलंय," तो म्हणाला. "कोणी दुरुस्त केली?"

मिस्त्रीनं डावा हात वर करून बायकोकडे दाखवलं. "आमच्या हिनं." एवढं बोलून तो उगाच टायर बघू लागला.

शिक्का बसला. नर्सबाईंनी वहिनीला तिच्या काळ्या हातांसकट मिठी मारली आणि पुढच्या बाळंतिणीकडे निघाल्या. दीर मात्र घुटमळत राहिला.

"वहिनी, आमच्याकडे एक गाडी तीन आठवडे पडून आहे. स्लोलाच बंद पडते. तुम्ही जरा…"

"घेऊन या ना, भावजी," ती म्हणाली. "पण सोमवारी. आधीच दोन गाड्या रांगेत आहेत."

सोमवारी तो गाडी घेऊन आला, आणि पुढे येतच राहिला. वर्षभरात गावातली चार वर्कशॉपं ज्यांच्यापुढे हात टेकले त्या गाड्या तिच्याकडे पाठवू लागली. टायरवाला एकदा जागेची चौकशी करायला आला, तेव्हा वहिनी बॉनेटखाली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "गाडीला काय झालंय?"